सुतळी आणि सफेदा

साहेब स्वतः गाडी चालवत पेडगावपर्यंत जाऊन आले. फाटकातून आत शिरले, इंजिन चालूच ठेवलं आणि आम्हा सगळ्यांना डॅशबोर्डाजवळ बोलावलं. टेम्परेचरचा काटा बरोबर मध्यावर होता. वैशाखातली दुपार होती, पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता, तरी काटा मध्यावरच.

"गेज ठीक, वायर ठीक, युनिट ठीक," साहेब एकेक बोट मिटत म्हणाले. "मग बिघडलं ते काय? ड्रायव्हर."

लिंबाजीमामा बाजूलाच उभे होते. चाळिशीचा माणूस, राणीसावरगावचा, धनगराच्या घरातला. मोटारखान्यात आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. ते एवढंच म्हणाले, "काटा बघूनच थांबलो व्हतो, साहेब. तुमचाच हुकूम हाय." साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. संध्याकाळी मामा सस्पेंड झाले.

निजामी जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमचा मोटारखाना म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी गाड्या दुरुस्त करायचा कारखाना. जुनी रजिस्टरं उर्दूत, नवे हुकूम इंग्रजीत, आणि काम करणारे आम्ही मराठीत किंवा दख्खनीत बोलणारे. साहेब मुंबई इलाख्यातून नेमून आलेले. मी तिथे वायरमन होतो. तेवीस वर्षांचा. रझाकारांच्या दिवसांत चोरून पत्रकं वाटली होती, आणि राज्य बदलल्यावरही वाचायची सोडली नव्हती. साहेब दिसला की माझं डोकं तापायचं, हेही खरं आहे आणि या हकिकतीत ते सांगणं भाग आहे.

झालं होतं ते असं. राणीसावरगावात पटकीची साथ आली. डॉक्टर, कंपाउंडर, लस आणि सलाईनच्या बाटल्या घेऊन आमची एक डिस्पोजलची गाडी सकाळीच परभणीहून निघाली. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्यांपैकी ती एक. गाव मामांचंच, म्हणून ड्रायव्हर म्हणून तेच गेले. रस्ता खराब, तरी दुपारपर्यंत पोचायला हरकत नव्हती. गाडी पोचली दिवेलागणीला. वाटेत मामांनी ती पाच वेळा थांबवली, दर वेळी अर्धा अर्धा तास आणि कधी त्याहूनही जास्त. त्या दुपारी गावात दोघं गेली. एक म्हातारा आणि एक सून, लहान लेकराची आई. डॉक्टरांनी लिहून दिलं की रेडिएटरमधून वाफ निघत नव्हती, इंजिनचा आवाज बरोबर होता, आपण चल म्हणत होतो आणि ड्रायव्हर हलत नव्हता.

मग लोकांनी जे म्हणायचं ते म्हटलं. पटकीच्या गावात जायला ड्रायव्हर भ्याला. मोटारखान्यात म्हटलं गेलं, कचेरीत म्हटलं गेलं, आणि गावात तर म्हटलंच गेलं.

सस्पेंड झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मामा माझ्या बाकाजवळ येऊन बसले. नोकरीबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही.

"वायरमन," ते म्हणाले, "माझ्याच गावाला जायला मी भ्यालो म्हनायलेत. जी सून गेली ती धोंडिबाची. माझ्या बांधाला बांध हाय त्याचा. आता मेंढरं घिऊन समोरून आला तर वाट बदलायलाय."

"मामा, काटा खरंच गरमच्या H वर होता?"

"मला वाचता येत न्हाई, पर ते अक्षर वळखतो. तांबड्या रंगाचं हाय. त्याच्यावरच व्हता. गाडी बंद करून थांबलो, पुन्हा चालू केली की जरा खाली यायचा, अन् कोस-दीड कोसावर पुन्हा तिथंच."

हुकूम काय होता तेही सांगतो. आदल्या हिवाळ्यात एका ड्रायव्हरने तापलेली गाडी तशीच रेटली आणि इंजिनचं हेड तडकलं. दुसऱ्या एकाने उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडलं आणि त्याचं तोंड भाजलं. तेव्हा साहेबांनी भिंतीवर कागद चिकटवला. कचेरीतल्या मुन्शींनी तो सगळ्यांना वाचून दाखवला होता: काटा H वर गेला तर गाडी जागीच थांबवावी, अर्धा तास थांबावे, झाकण उघडू नये, कसूर करणारा बडतर्फ होईल. मामांनी हा हुकूम अक्षर न् अक्षर पाळला होता. त्याच हुकुमाच्या कागदाखाली उभं करून त्यांना सस्पेंड केलं.

मी त्याच दिवशी साहेबांविरुद्ध पत्रक लिहायला घेतलं. "एका गरीब ड्रायव्हरचा बळी" असं वरती मोठ्या अक्षरात. अर्धा कागद भरला. भाषा अशी की कागद पेटावा. पण पुढे लिहायला पुरावा हवा होता, आणि पुरावा गाडीत होता.

आता हा काटा चालतो कसा ते थोडक्यात सांगतो. इंजिनच्या हेडमध्ये, जिथून गरम पाणी फिरतं तिथे, पितळेचा एक अंगठ्याएवढा तुकडा आट्यांनी फिरवून आवळलेला असतो. त्याला आम्ही युनिट म्हणतो. त्यातून एक तार निघते आणि डॅशबोर्डावरच्या गेजला जाते. बॅटरीची वीज गेजमधून, तारेतून, युनिटमध्ये येते. परत जायला तिला वेगळी तार नसते. युनिटचं पितळ, त्याच्या आट्या, इंजिनचं लोखंड, गाडीची बॉडी, हीच तिची परतीची वाट. त्याला अर्थिंग म्हणतात.

त्या गाडीच्या गेजची एक उलटी रीत होती. इंजिन थंड असलं की वीज जास्त वाहायची आणि काटा C कडे, म्हणजे थंडकडे, ओढला जायचा. इंजिन तापेल तशी वीज कमी, आणि काटा H कडे. वीज अगदीच बंद झाली तर काटा सरळ H वर जाऊन पडायचा. म्हणजे गाडीची किल्ली बंद असतानाही काटा H वरच झोपलेला असायचा. तार कुठे तुटली, तरी इंजिन तापलंय असंच तो सांगणार.

साहेबांना हे ठाऊक होतं, त्यांना कमी लेखून चालणार नाही. गाडी परत आली तशी त्यांनी क्रमाने तपासणी लावली. युनिटवरची तार सोडवून इंजिनच्या लोखंडाला टेकवली. काटा झटकन C कडे गेला. म्हणजे गेज चांगलं, तारही चांगली. मग युनिट काढायला लावलं. ते मी काढलं. बाकावर त्याच्या अंगाला एक तार बांधली, दुसरी त्याच्या टोकाला, आणि पातेल्यात पाणी तापवून त्यात बुडवलं. पाणी तापेल तसा काटा हळूहळू सरकला. म्हणजे युनिटही चांगलं. ते पुन्हा बसवलं, तेही मीच, आणि साहेब पेडगावला जाऊन आले. मग त्यांनी बोटं मिटली.

तिन्ही भाग चांगले, या हिशेबात चूक कुठे आहे ते मलाही सापडेना. मला फक्त मामा खोटं बोलत नाहीत एवढं ठाऊक होतं. तो काही पुरावा नव्हे.

गाडी फाटकाच्या बाजूला उभी होती. चौकशी पुरी होईपर्यंत ती चालवू नये असा हुकूम. मी रोज सकाळी कामावर आलो की ती पाच मिनिटं चालू करून बघायचो. रोज काटा C वर यायचा आणि इंजिन तापेल तसा वर चढायचा. हे एक आठवडा चाललं. गफूर उस्ताद हसायचे. उस्ताद आमचे थोरले फिटर, आधीची वीस वर्षं जिनिंग कारखान्यात वाफेच्या पाइपांवर काम केलेले. "अरे बिजली," ते म्हणायचे, "बिमार नाडी दिखाताच नई, तो हकीम क्या करना?"

त्यानंतरच्या एका सकाळी किल्ली दिली, इंजिन सुरू झालं, आणि काटा H वरून हललाच नाही.

मी उतरून रेडिएटरला तळहात लावला. पहाटेच्या गारव्याने तो थंडगार होता. झाकण उघडलं, पाण्यात बोट घातलं. रांजणातल्यासारखं पाणी. डॅशबोर्डावर मात्र इंजिन उकळत होतं.

मी साहेबांसारखंच केलं. तार सोडवून लोखंडाला टेकवली. काटा C कडे. तार पुन्हा युनिटवर लावली. काटा H वर. युनिट काढायला पाना हातात घेतला आणि थांबलो. मागच्या वेळी काढल्यावरच दोष नाहीसा झाला होता. या वेळी काहीही न काढता बघायचं ठरवलं. पेचकस घेतला, त्याचं पातं युनिटच्या पितळेला आणि हेडच्या लोखंडाला, दोन्हींना एकदम टेकवून धरलं.

काटा खाली आला. पेचकस उचलला, काटा वर गेला. चार वेळा केलं, चार वेळा तेच.

म्हणजे युनिट लोखंडात घट्ट बसलेलं होतं आणि तरीही लोखंडाला लागत नव्हतं. वीज यायची, पण तिची परतीची वाट आट्यांपाशी बंद. मग युनिट काढलं. आट्यांभोवती सुतळी होती, आणि सुतळीवर सफेदा. वाळून चुन्याच्या खपलीसारखा कडक झालेला. आट्यांचं पितळ कुठेही उघडं नव्हतं.

सफेदा म्हणजे तेलात कालवलेली शिशाची पांढरी पूड. जिनिंग कारखान्यात पाइपाच्या प्रत्येक आटीवर सुतळी गुंडाळून वर सफेदा लावत, म्हणजे वाफ झिरपत नाही. उस्तादांनी ती रीत मोटारखान्यात आणली. ते म्हणायचे, सुतळी-सफेद्याशिवाय जोड म्हणजे उघडं अंग. आणि त्यांचे जोड कधी गळायचे नाहीत. ओला सफेदा मऊ असतो, आटी आवळली की तो दबतो, कुठेतरी धातूला धातू लागतो आणि वीज जाते. आठ-दहा दिवसांत वाळला, इंजिनच्या धगीने सुतळी फुगली-आकसली, की लागणं सुटतं. पाण्याच्या पाइपाला त्याने काही बिघडत नाही, कारण पाइपातून वीज जात नाही.

मामांच्या फेरीच्या दहाएक दिवस आधी त्या युनिटच्या बुडातून पाणी झिरपत होतं. ते कोणी थांबवलं, हे मला कोणाला विचारायची गरज नव्हती. मी उस्तादांकडून सुतळी घेतली होती, त्यांच्यासारखी गुंडाळली होती, आणि उस्तादांनी पाठ थोपटून म्हटलं होतं, "शाबास, अब तू आधा फिटर हो गया." चौकशीच्या दिवशी युनिट पुन्हा बसवताना मीच जुना सफेदा खरवडून नवा लावला होता. म्हणून साहेबांना पेडगावपर्यंत काटा मध्यावर दिसला. मी एकच चूक दोनदा केली होती, आणि दुसऱ्या वेळच्या चुकीने पहिलीवर पांघरूण घातलं होतं.

हात पांढरे झाले होते. खिशात कागद होता, त्याला पुसले. मग बघितलं तर ते अर्धं लिहिलेलं पत्रक.

उस्तादांना सगळं सांगितलं. त्यांनी वाळलेली सुतळी नखाने तोडून बघितली. मग म्हणाले, "अपन पानी के आदमी. पानी रोके. बिजली का ख्याल तेरेकू आना था, वो भी नई आया." नंतर हळू आवाजात, "अपना नाम नक्को लिख. तार ढिली थी, इत्ता लिख दे. लिंबाजी भी छूटता, तू भी."

मी ते केलं नाही. यात मोठेपणा नाही. तार ढिली होती असं लिहिलं असतं, तर तार घट्ट असल्याचं साहेबांनी आधीच लिहून ठेवलं होतं, आणि मामा पुन्हा खोटे ठरले असते. मी खरं तेच लिहिलं, खाली माझं नाव घातलं, युनिट काही न खरवडता तसंच परत बसवलं, काटा H वरच राहतो हे पाहिलं, आणि साहेबांना गाडीजवळ नेऊन पेचकस टेकवून दाखवला.

साहेबांनी स्वतः पेचकस हातात घेतला. दोनदा करून बघितलं. त्यांचा चेहरा उतरला, हे मी पाहिलं आणि मला आनंद झाला, हेही लपवत नाही.

"आय सी," ते म्हणाले. "युनिट बदलून टाका. सफेदा लावू नका."

"आणि मामा?"

"कामावर घेऊ. ताकीद देऊन."

"ताकीद कशाची, साहेब?"

"वाफ नाही, उकळण्याचा आवाज नाही. ड्रायव्हरने डोकं वापरायला हवं होतं."

"डोकं वापरलं असतं तर तुमचा हुकूम मोडला असता. मग बडतर्फ केलं असतंत."

"तू कसली पत्रकं वाचतोस ते मला ठाऊक आहे," साहेब म्हणाले, आणि माझा कागद घेऊन आत गेले.

अंतिम रिपोर्ट इंग्रजीत टाइप झाला. मुन्शींनी मला त्याचा अर्थ सांगितला. युनिट जुने झाल्याने सदोष आढळले, बदलले. ड्रायव्हरला ताकीद देऊन रुजू केले. माझं नाव त्यात नव्हतं. सुतळी नव्हती, सफेदा नव्हता. मी लावलेला सफेदा लिहिला असता तर साहेबांची पेडगावची फेरीही लिहावी लागली असती. मी शिक्षा मागायला गेलो होतो, तीही मिळाली नाही.

मामा रुजू झाले. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे एकच मागणी केली. "साहेबाच्या कागदाचं मला काय करायचंय? गावात वाचून दावायला मराठीत एक कागद लिहून दे. का थांबलो ते त्यात असू दे." मी लिहून दिलं. एक पान. शिवी नाही, घोषणा नाही. युनिट, आट्या, सुतळी, आणि हे काम मी केलं होतं. पुढच्या सुट्टीला त्यांच्यासोबत राणीसावरगावला गेलो, कारण कागद वाचणार कोण?

चावडीसमोर दहा-पंधरा माणसं जमली. साथ ओसरली होती. धोंडिबा कडेला बसले होते, काठी मांडीवर आडवी. मी वाचलं. मग विजेची वाट, सुतळी, सगळं हाताने करून दाखवलं. सोबत आणलेलं ते जुनं युनिट, वाळल्या सफेद्यासकट, हातोहात फिरलं. लोकांनी ते निरखून बघितलं.  मामा माझ्या मागे उभे होते, बसले नव्हते.

युनिट फिरत फिरत धोंडिबांकडे गेलं. त्यांनी सुतळीवरून बोट फिरवलं.

"म्हंजे गाडी तापलीच नव्हती?"

"नाही, बाबा."

"थंड व्हती."

"हो."

"मग थांबायला कायबी कारन नव्हतं."

मी होकारार्थी मान हलवली. 

त्यांनी युनिट जमिनीवर ठेवलं. मामांकडे बघितलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. आवाज चढवला नाही.

"लिंबाजी, तू भिऊन थांबला असतास तर बरं झालं असतं रं. भ्यालेल्याला शिव्या तरी देता येत्यात. ह्याला काय म्हनू?"

आणि काठी टेकत उठून गेले. माझ्या नावाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. मी तेवढ्यासाठीच तिथे उभा होतो.

 पुढे कधीतरी एकदा मामा म्हणाले, आता समोरून आला तर धोंडिबा वाट बदलत नाही. बोलायला थांबतोही नाही. मेंढरं जाऊ देतो आणि जातो. मामांनी तो कागद घडी घालून बरेच दिवस लायसनमध्ये ठेवला होता. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी ते रेडिएटरवर तळहात ठेवायचे, सुरू केल्यावर पुन्हा एकदा ठेवायचे, आणि मगच काट्याकडे बघायचे. भिंतीवरचा हुकूम मात्र तसाच राहिला.

अर्धं पत्रक मी पुरं केलं नाही. पांढऱ्या डागांचा तो कागद अजून आहे. पत्रकं त्यानंतरही लिहिली, आणि लिहीन. पण लिहिण्याआधी स्वतःचे हात एकदा उजेडात धरून बघतो.

वायरमनसाठी धडा एवढाच. भाग काढून एकेक तपासलात तर ते सगळे चांगले निघू शकतात. दोष त्यांच्या जोडात असला तर काढताक्षणी तो तुमच्याच हातून पुसला जातो. म्हणून जिथे बसलाय तिथेच, काही न सोडवता, आधी बघा. विजेच्या आटीवर सुतळी नको, सफेदा नको; झिरपत असेल तर युनिट बदला. आणि दुरुस्ती त्याच दिवशी चालली म्हणून सही करू नका. सफेदा वाळायला दहा दिवस लागतात. दहाव्या दिवशी पुन्हा या.